गोधडीच्या टाक्याचे मोल



खेड्यातील कोणत्याही घरात रात्रीची अंथरुणे पडली, म्हणजे एक वस्त्र हमखास बाहेर निघते. त्याची पावती कोणाकडे नसते, कारण ते दुकानातून आलेले नसते. घरखर्चाच्या वहीत त्याची नोंद नसते, कारण त्यासाठी पैसे मोजलेले नसतात. ते वस्त्र म्हणजे गोधडी. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, नातवाचा विटलेला सदरा असे तीन पिढ्यांचे कापड एका दोऱ्याने बांधून ठेवणारी ही वस्तू घरोघर आहे. आणि ती घरोघर असल्यामुळेच तिच्याकडे उद्योग म्हणून पाहण्याची सवय समाजाला लागलेली नाही.

अलीकडे मात्र चित्र पालटू लागले आहे. हाताने शिवलेली गोधडी शहरांतील प्रदर्शनांत मांडली जाते, परदेशी पाहुण्यांना भेट म्हणून दिली जाते, नवजात बालकासाठी मुद्दाम मागवली जाते. या बदलाचे स्वागत करावयास हवे. परंतु त्याबरोबरच एक प्रश्नही विचारावयास हवा. गोधडी विकली जाते, तेव्हा सुई धरणाऱ्या स्त्रीच्या हाती नेमके काय पडते? तिच्या श्रमाचे मोल कोण ठरवते, आणि ते पैसे कोणाच्या खात्यावर जमा होतात? गोधडीमुळे ग्रामीण स्त्री स्वावलंबी होईल की नाही, हे या प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून आहे.

कवठे येमाईचा परिसर

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे गाव येमाई देवीच्या नावाने ओळखले जाते. घोड आणि कुकडी या नद्यांचा हा परिसर मुळात पर्जन्यछायेतला. १९७२ च्या दुष्काळाची झळ ज्या भागाला बसली, त्यातलाच हा एक भाग. पुढे कालव्यांचे पाणी आले, बाजरी-ज्वारीच्या शिवारांत ऊस आणि भाजीपाला दिसू लागला. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीमुळे तालुक्यातील तरुणांना कारखान्यांचे दरवाजे उघडले. आज या भागातील स्त्री शेतात राबते, जनावरांचे पाहते आणि घरही सांभाळते. तिच्या हातांना काम कमी आहे, असे कोणी म्हणणार नाही. तिला उणीव आहे ती स्वतःच्या नावावर येणाऱ्या पैशाची.

या गावाला लोककलेचा मोठा वारसा आहे. लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर (१९४७–२०२१) हे याच गावचे. तमाशाच्या फडांसाठी त्यांनी वग आणि गीते लिहिली. राज्य शासनाच्या विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्काराने त्यांचा सन्मान झाला. त्यांच्या नावातच गावाचे नाव गुंफलेले असल्याने शाहिरासोबत गावही महाराष्ट्रभर पोचले. फडात गाइले जाणारे गीत ही कला आहे, हे समाजाने ओळखले, आणि ते योग्यच झाले. मात्र त्याच मुलखात, दुपारच्या वेळी ओसरीवर बसून स्त्रिया जे शिवत होत्या, त्याला कला म्हणावे असे कोणाला सुचले नाही. शिवणाऱ्या स्त्रियांनाही ते सुचले नाही.

नवरात्रापूर्वीचे दृश्य या भागात सर्वांच्या परिचयाचे आहे. घटस्थापनेच्या आधी घरे सारवून, रंगवून स्वच्छ होतात आणि घरातील एकूण एक गोधडी धुण्यासाठी बाहेर पडते. नदीकाठचे खडक, बांध, कुंपणे रंगीबेरंगी गोधड्यांनी झाकून जातात. गावातील स्त्रियांचे वर्षानुवर्षांचे हस्तकौशल्य त्या दोन-चार दिवसांत उघड्यावर मांडलेले असते. त्याहून मोठे प्रदर्शन कोणत्याही सभागृहात भरणार नाही. केवळ त्याकडे प्रदर्शन म्हणून पाहणारी नजर आजवर नव्हती.

नावे अनेक, वस्त्र एक

पुणे, नाशिक, नगर या भागांत जी गोधडी, तीच कोल्हापूर-साताऱ्याकडे वाकळ होते. तान्ह्या बाळाचे ते दुपटे. कापडाच्या चार घड्या घालून शिवली की चौघडी. नावे बदलली तरी तत्त्व एकच राहते: जीर्ण कापडाचे थर एकावर एक रचायचे आणि धावदोऱ्याने एकमेकांत असे गुंतवायचे, की ते पुन्हा सुटू नयेत.

हे वस्त्र केवळ गरिबीचे चिन्ह मानले गेले नाही. संस्कृतातील 'कंथा' म्हणजे ठिगळांचे पांघरूण. ते विरक्तीचे लक्षण समजले जाई. आधुनिक महाराष्ट्राला स्वच्छतेचा मंत्र देणारे गाडगे महाराज (१८७६–१९५६) अंगावर चिंध्यांचे वस्त्र घेत आणि त्यामुळे लोक त्यांना 'गोधडे महाराज' असेही म्हणत. अलीकडच्या काळात डॉ. कैलास दौंड यांची 'गोधडी' ही कविता शालेय पाठ्यपुस्तकात आली, तेव्हा अनेक मुलांना आपल्या अंथरुणाकडे नव्याने पाहता आले. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर इंग्रजीत स्वतंत्र ग्रंथ लिहून (२०१३) या कलेची दखल जगापुढे मांडली.

गोधडी कशी होते

गोधडीचा हंगाम उन्हाळ्याचा. सुगी उरकली, शेतातील काम हलके झाले आणि पावसाळा अजून दूर आहे, अशा चैत्र-वैशाखाच्या दिवसांत जुने कपडे बाहेर निघतात. ते धुवून, उन्हात वाळवून त्यांची निवड होते. धड असलेले मोठे कापड वरखालच्या अस्तरासाठी, झिजलेले मधल्या थरांसाठी आणि रंगाने उठून दिसणारे तुकडे नक्षीसाठी.

नऊवारी लुगडे हे गोधडीचे खरे भांडवल होते. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. त्यातून सात फुटी तीन पट्ट्या निघून वर सहा फुटांचा तुकडा उरतो. दोन पट्ट्या शेजारी शेजारी जोडल्या, की गोधडीची एक बाजू तयार. लुगड्याचे काठ वेगळे काढून ते कडेला लावले जात; त्यामुळे कडा मजबूत होई आणि शोभाही येई. ज्या स्त्रीने हा हिशेब केला, ती कदाचित शाळेत गेली नसेल. परंतु कापडाचा एक इंच वाया जाऊ न देण्याचे गणित तिला पक्के ठाऊक होते.

जमिनीवर अस्तर ताणून पसरायचे, त्यावर मधले थर सुरकुती न पडेल असे रचायचे, वरचे कापड घालून प्रथम कडा कच्च्या टाक्यांनी बांधायच्या आणि मग शिवण सुरू करायची. काही स्त्रिया एका कडेपासून सरळ ओळी घालत जातात. काही चारही कडांनी फेर धरत, चौकोनात चौकोन घालत मध्यभागी येऊन थांबतात. मोठ्या गोधडीला चार बाजूंनी चार जणी बसल्या, तर काम झरझर उरकते आणि गप्पाही होतात. सासरी आलेल्या नव्या सुनेला शेजारणींची ओळख अनेकदा गोधडीच्या चार कोपऱ्यांवरच होत असे.

या टाक्यांना केवळ शोभेचा अर्थ नाही. कापडांच्या थरांमध्ये हवा अडकून राहते आणि तीच ऊब धरते. टाका फार सैल असेल, तर आतील थर सरकून एका बाजूला गोळा होतो. फार आवळला, तर हवेला जागा उरत नाही आणि गोधडी ताठर होते. वापरून मऊ झालेले सुती कापड घाम टिपते, अंगाला टोचत नाही. बाळाच्या दुपट्यासाठी जुने लुगडेच हवे, हा आजीचा आग्रह अशा अनुभवातून आलेला आहे.

स्वतःच्या घरासाठी शिवणाऱ्या स्त्रियांखेरीज, मोबदला घेऊन गोधडी शिवून देणाऱ्या स्त्रियाही महाराष्ट्रात पूर्वीपासून आहेत. भटक्या समाजांतील अनेक स्त्रिया गावोगाव आणि शहरांतील वस्त्यांतून फिरून, गिऱ्हाइकाच्या दारात बसून त्याच्याच जुन्या कपड्यांची गोधडी शिवून देतात. या व्यवसायाचा विचार करताना त्यांचा विसर पडणे अन्यायाचे ठरेल. या कामावर पोट भरण्याची वाट प्रथम त्यांनी चोखाळली आहे.

बदललेले कापड, बदललेली बाजारपेठ

मुंबई-पुण्याच्या गिरण्यांनी एकेकाळी खेड्यांना स्वस्त आणि टिकाऊ सुती कापड पुरविले. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचा ऱ्हास वेगाने झाला. त्याच सुमारास कृत्रिम धाग्याच्या साड्या खेड्यापाड्यांत पोचल्या. नऊवारीची जागा पाचवारी आणि पुढे इतर पोशाखांनी घेतली. कृत्रिम धाग्याचे कापड लवकर फाटत नाही, पण ते घाम टिपत नाही आणि थर रचताना हातातून निसटते. पाठोपाठ यंत्रावर तयार झालेली मऊ, झगझगीत ब्लँकेटे आठवडे बाजारात आली. लग्नात आहेर म्हणून ब्लँकेट देणे प्रतिष्ठेचे ठरले आणि गोधडी माळ्यावर गेली.

म्हणजे घरातील गरज म्हणून असलेले गोधडीचे स्थान ओसरत असतानाच, शहरात तिला कलावस्तू म्हणून मागणी निर्माण झाली. महालक्ष्मी सरस, भीमथडी जत्रा यांसारख्या प्रदर्शनांतून ग्रामीण स्त्रियांच्या हस्तकलेला शहरी ग्राहक मिळू लागला. परंतु हा ग्राहक वेगळा आहे. त्याला कोणाचे तरी जुने लुगडे नको असते. नवे सुती कापड, न सुटणारा रंग, ठरावीक माप आणि एकसारखा टाका हवा असतो. घरच्या गोधडीत एखादा कोपरा वाकडा राहिला, तर कोणी तक्रार करीत नाही. विकावयाच्या गोधडीत तोच दोष संपूर्ण मालाची किंमत पाडतो. घरकामातून व्यवसायाकडे जाताना हा फरक प्रथम समजून घ्यावा लागतो.

टाक्यांचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गोधडीची किंमत कशी ठरवावी? याचे उत्तर अंदाजाने देण्यापेक्षा मोजून देणे बरे.

समजा, पाच फूट रुंद आणि सात फूट लांब अशी एक गोधडी आहे आणि तिच्यावर अर्ध्या अर्ध्या इंचावर शिवणीच्या सरळ ओळी आहेत. साठ इंचांच्या रुंदीत अशा १२० ओळी बसतात. प्रत्येक ओळ सात फुटांची. म्हणजे एकूण शिवण ८४० फूट. एका इंचात चार टाके धरले, तर एका गोधडीत ४० हजारांहून अधिक टाके पडतात. सराईत हाताने मिनिटाला दहा टाके घातले, तरी या कामाला सुमारे ६७ तास लागतात. त्यात कापड निवडणे, कापणे, थर रचणे आणि कडा बांधणे यांचा वेळ धरलेला नाही.

आठ तासांचा एक दिवस मानला, तर हे आठ दिवसांहून अधिक काम झाले. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. त्या दराने केवळ शिवण्याची मजुरी २ हजार ६०० रुपयांच्या वर जाते. कापड, दोरा, वाहतूक, विक्रीचा खर्च हे सारे त्याच्या पुढे. आणि माती वाहण्यासाठी ठरविलेला अकुशल दर या कामाला लावणे, हाही खरे तर अन्यायच आहे. सारखा टाका घालण्याचे कौशल्य एका दिवसात येत नाही.

अशी गोधडी हजार-बाराशे रुपयांना विकून 'घरबसल्या चार पैसे मिळाले' असे समाधान एखादी भगिनी मानते, तेव्हा वास्तविक ती आपल्या श्रमातील मोठा हिस्सा ग्राहकाला किंवा मध्यस्थाला फुकट देत असते. तिच्या लक्षात हे येत नाही, कारण ती सलग आठ तास बसून शिवत नाही. दुपारची भांडी झाल्यावर आणि संध्याकाळच्या चुलीआधी जो अवधी मिळतो, त्यात ती शिवते. दिवसाला तीन तास मिळाले, तर तीच गोधडी बावीस-तेवीस दिवस चालते. 'रिकाम्या वेळातले काम' या शब्दांनी स्त्रीच्या श्रमाचे जेवढे अवमूल्यन केले आहे, तेवढे दुसऱ्या कशाने क्वचितच केले असेल. तो वेळ रिकामा नसतो. तो तिच्या विश्रांतीतून काढलेला असतो.

या हिशेबातून एक व्यवहार्य मार्गही दिसतो. तीन फूट बाय चार फुटांच्या दुपट्याला त्याच प्रमाणाने सुमारे १४ हजार टाके लागतात. म्हणजे २३ तासांचे, जवळजवळ तीन दिवसांचे काम. त्याला कापड कमी लागते, भांडवल अडकून पडत नाही आणि चूक झाली तर नुकसानही मर्यादित राहते. नवीन गटाने मोठ्या गोधडीऐवजी दुपट्यापासून आरंभ करणे शहाणपणाचे आहे.

इतरत्रचा अनुभव

या वाटेने इतर प्रांतांतील आणि देशांतील स्त्रिया गेलेल्या आहेत. त्यांचा अनुभव मार्गदर्शक ठरावा.

बिहारमधील मुझफ्फरपूर जिल्ह्यातील भुसुरा परिसरात 'सुजनी' या नावाने गोधडीसारखेच काम चालते. १९८८ च्या सुमारास तेथील स्त्रियांना संघटित करून या कलेला व्यवसायाचे रूप देण्यात आले. स्त्रियांनी आपल्या जीवनातील प्रश्न सुईदोऱ्याने कापडावर रेखाटले आणि २००६ साली सुजनीला भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. बंगालच्या नक्षी कांथेलाही अशी नोंदणी लाभली. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या स्त्रिया 'कवंदी' शिवतात. कवंदीच्या कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची 'फुले' असतात आणि ती नसली तर कवंदी उघडी राहिली असे त्या मानतात. उपयोगाच्या वस्तूतही सौंदर्य अत्यावश्यक आहे, असे सांगणारी ही दृष्टी गावच्या कोणत्याही गोधडीवालीला परकी वाटणार नाही.

अमेरिकेतील अलाबामा राज्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील ग्रामीण भागातील कृष्णवर्णीय स्त्रियांनी १९६६ साली गोधड्या शिवणारी एक सहकारी संस्था स्थापन केली. मतदानाचा हक्क मागितला म्हणून ज्यांना कामावरून किंवा घरातून काढून टाकण्यात आले होते, अशा कुटुंबांना त्या संस्थेने आधार दिला. पुढे २००२ मध्ये त्याच भागातील 'गीज बेंड' या वस्तीच्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि २००६ साली त्यांची चित्रे टपाल तिकिटांवर आली. एवढी कीर्ती मिळाल्यानंतरही, आपल्या कलाकृतींच्या व्यवहारातील योग्य वाटा आपल्याला मिळाला नाही, असे म्हणत काही कारागीर स्त्रियांना २००७ मध्ये न्यायालयात दाद मागावी लागली. ते प्रकरण नंतर आपसांत मिटले. परंतु त्यातील बोध लक्षात ठेवण्याजोगा आहे: वस्तूची कीर्ती वाढली म्हणजे कारागिराची मिळकत वाढतेच असे नाही. हिशेब आधी लिहून ठेवावा लागतो.

याच्या उलट उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटण्यास आरंभ केला आणि त्यातून लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली. पापड लाटणे हेही 'रिकाम्या वेळातले' घरकामच समजले जाई. तेथे लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची मालकीण मानली गेली आणि लाटण्याचा मोबदला ठरलेल्या दराने देण्यात आला. पापडाच्या जागी गोधडी आणि लाटण्याच्या जागी सुई ठेवली, तर हेच तत्त्व कवठे येमाईतही लागू पडेल.

योजना आहेत, त्या पोचाव्यात कशा?

राज्यात महिलांच्या आर्थिक उन्नतीसाठी यंत्रणा उभी आहे. आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, म्हणजे १९७५ साली, महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना झाली. १९९२ मध्ये नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. १९९४ साली महाराष्ट्राने स्वतंत्र महिला धोरण जाहीर केले. २०११ पासून 'उमेद' अभियानातून ग्रामीण स्त्रियांचे गट बांधले जात आहेत. हस्तकला कारागिरांसाठी केंद्र शासनाच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाकडून 'पहचान' ओळखपत्र दिले जाते. हे पत्र असल्यास कारागिराला प्रदर्शने आणि प्रशिक्षण यांचा लाभ घेणे सुकर होते.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने, तारणाशिवाय, पहिल्या टप्प्यात १ लाख व दुसऱ्या टप्प्यात २ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. या अठरांत शिंपीकामाचे नाव आहे; गोधडीकामाचे स्वतंत्र नाव नाही. शिवाय एका कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ घेता येतो. पती सुतार किंवा गवंडी असेल आणि त्याने अर्ज केला असेल, तर पत्नीला संधी उरत नाही. नियमांमागे कारणे असतात हे खरे. तथापि अर्ज कोणाच्या नावे करावा याचा विचार घरात होताना पत्नीचे कामही व्यवसाय म्हणून मोजले जावे, एवढी दक्षता ग्रामपातळीवर निश्चित घेता येईल.

ग्रामपंचायत, शाळा आणि अधिकारी यांचे कार्य

पहिले काम ग्रामपंचायतीचे. २०११ पासून राज्यातील पंचायतींत स्त्रियांना निम्म्या जागा राखीव आहेत. महिला सदस्यांनी पुढाकार घेऊन गावात गोधडी शिवणाऱ्या स्त्रियांची यादी करावी. कोणाचा टाका बारीक, कोणाला तुकड्यांची नक्षी साधते, कोण नव्या मुलींना शिकवू शकेल, हे गावात सर्वांना तोंडपाठ असते. ते फक्त कागदावर येत नाही. नाव नोंदले गेले नाही, तर उद्या योजना आली तरी तिला पत्ता सापडणार नाही. समाजमंदिराची किंवा वापरात नसलेल्या वर्गाची चांगल्या उजेडाची खोली दुपारच्या वेळी गटाला दिली, तर डोळ्यांवरील ताण कमी होईल आणि कामात एकसूत्रता येईल.

दुसरे काम गटाचे स्वतःचे. नवे कापड शिवण्यापूर्वी भिजवून त्याचा रंग सुटतो का, ते पाहावे. मापे ठरवून घ्यावीत. इंचात किती टाके आणि दोन ओळींत किती अंतर, याचा नमुना तयार करून भिंतीवर टांगावा. बोटाला धातूची टोपी घालण्याची सवय लावावी. तासातासाने उठून पाठ सरळ करावी. प्रत्येक गोधडीसोबत एक कागद असावा आणि त्यावर कापडाचा खर्च, दोऱ्याचा खर्च, लागलेले तास आणि शिवणारीचे नाव लिहिलेले असावे. व्यापारी भाव पाडून मागू लागला, तर तो कागदच गटाच्या वतीने बोलेल. मोबदला रोख हाती न देता शिवणारीच्या स्वतःच्या बँक खात्यावर जमा करावा. बचत गटाच्या बैठकीत सही करणारी स्त्री आपल्या कमाईच्या पासबुकावरही सही करती झाली, म्हणजे स्वावलंबन या शब्दाला अर्थ येईल.

तिसरे काम शाळेचे. शिक्षकांनी गोधडी वर्गात आणावी. क्षेत्रफळ, परिमिती, चौकोन, त्रिकोण आणि सममिती हे विषय शिकविण्यास यापेक्षा सोपे साधन नाही. वर दिलेला टाक्यांचा हिशेब पाचवी-सहावीची मुले सहज करू शकतील. आपल्या आजीने घातलेले टाके स्वतः मोजणारा मुलगा पुढे मोठेपणी 'बायका घरी बसून असतात' असे म्हणणार नाही, अशी आशा बाळगण्यास हरकत नाही. कार्यानुभवाच्या तासाला मुलींबरोबर मुलांनीही सुई हाती धरावी.

चौथे काम अधिकाऱ्यांचे. प्रदर्शनात गाळा देऊन जबाबदारी संपत नाही. मालाची प्रत तपासणे, मागणी आणि पुरवठा यांची सांगड घालणे आणि खरेदीदाराने पैसे वेळेत चुकते केले की नाही हे पाहणे, यांतच खरे साहाय्य आहे. शासकीय विश्रामगृहे, वसतिगृहे आणि सत्कारसमारंभ यांसाठी दरवर्षी चादरी, पांघरुणे आणि भेटवस्तू घेतल्या जातात. नियमांच्या चौकटीत राहून त्यातील काही भाग अशा गटांकडून घेता आला, तर गटांना वर्षभर काम पुरेल.

नाव टाकणे

शेवटी एक गोष्ट. पुणे जिल्ह्यातील मावळ-मुळशीपासून अनेक गावांतील स्त्रिया जात्यावर ज्या ओव्या गात, त्या गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसमवेत वर्षानुवर्षे फिरून गोळा केल्या. लाखाहून अधिक ओव्या आणि त्या गाणाऱ्या स्त्रियांची नावे त्यामुळे जतन झाली. पिठाच्या गिरणीने जाते थांबवले होते. ओवीही त्याच्याबरोबर गेली असती. गोधडीवर आज तशीच वेळ आली आहे. तिच्या ओळी अजून कापडावर शिल्लक आहेत, आणि त्या घालणाऱ्या अनेक जणी आज वृद्ध झाल्या आहेत. नवरात्रापूर्वी गोधड्या धुवून वाळत पडतील, तेव्हा शाळेच्या मुलांनी प्रत्येकीचे छायाचित्र घ्यावे, ती कोणी शिवली, कोणत्या वर्षी शिवली, त्यात कोणाचे कापड आहे, ते लिहून ठेवावे. या कामाला निधी लागत नाही. एक वही पुरते.

१ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या बालकाच्या शासकीय नोंदीत त्याच्या नावापाठोपाठ आईचे नाव लिहिले जाऊ लागले आहे. बाळाच्या कागदपत्रांवर आईचे नाव आले. आता त्याच्या दुपट्यावरही ते शिवणारीचे नाव यावे. गोधडीच्या कोपऱ्यात सुताने घातलेली ती चार अक्षरे ग्राहकाला सांगतील, की ही वस्तू यंत्रातून पडलेली नाही. आणि शिवणारीला सांगतील, की हे काम तिचे आहे, त्याचे मोल तिने ठरवावयाचे आहे.

गोधडीने आजवर घराला ऊब दिली. तिच्या प्रत्येक टाक्याचा हिशेब ज्या दिवशी शिवणारीच्या नावे मांडला जाईल, त्या दिवशी तिची ऊब शिवणाऱ्या हातांपर्यंतही पोचेल. कवठे येमाईच्या आणि तिच्यासारख्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत हा विषय येत्या बैठकीत घेतला जावा, एवढीच अपेक्षा.